एकच वाक्य विकणारा माणूस

गौरीजेवणाचा दिवस होता. सवाष्णी जेवून गेल्या, ओटा आवरून झाला आणि मी जरा खुर्चीत टेकले. बंगळुरूहून आलेले आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, समोरच बसले होते. पेशाने सी.ए. टीपॉयवर माझ्या चष्म्याखाली ठेवलेल्या पुस्तकाकडे त्यांचं लक्ष गेलं. कोपरे दुमडलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं, एकहार्ट टॉलेचं 'द पॉवर ऑफ नाऊ'.

"वहिनी, अजून हेच चाललंय तुमचं?"

"हेच."

"अहो, या माणसाचं भांडवल म्हणजे एकच वाक्य. आत्ताच्या क्षणात राहा! १९९७ पासून तेच विकतोय. पुस्तक काढलं, मग दुसरं, मग तिसरं, मग सीडी, मग कॅलेंडर, मग परदेशात डॉलरमधली शिबिरं. कच्च्या मालाचा खर्च शून्य! असा धंदा मला सुचला असता तर मी ऑडिट कशाला करत बसलो असतो?"

सगळे हसले. मीही हसले. भाऊजी बोलतात छान, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते 'एकच वाक्य' डोक्यातून जाईना. कारण त्याच एका वाक्यावर माझी गेली काही वर्षं निभावली आहेत, आणि त्याचा संबंध खुद्द भाऊजींच्या आईशी आहे.

माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील. कुणी एखाद्या गुरूंची प्रवचनं ऐकत असेल, कुणी पुस्तक वाचत असेल, आणि घरातलं कुणीतरी सोफ्यावर बसून म्हणत असेल, 'तेच तेच सांगतात आणि पैसे कमावतात.' यावर काय बोलावं हे आपल्याला सुचत नाही. मग आपण एकतर चिडतो नाहीतर गप्प बसतो. मी त्या दिवशी गप्प बसले. म्हणून आज लिहिते आहे.

आधी टॉलेंविषयी थोडं. जन्म १९४८ चा, जर्मनीतला. लंडनला विद्यापीठात शिकले, पुढे केंब्रिजला संशोधनासाठी गेले. तरुणपणी मनाने पार खचलेले होते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी एका रात्री, आता स्वतःबरोबर राहणं शक्य नाही असं त्यांना वाटलं. आणि त्याच विचारात ते थबकले: ज्याच्याबरोबर राहता येत नाही तो कोण, आणि ज्याला राहता येत नाही तो कोण? त्या रात्रीनंतर मनातला कोलाहल थांबला, असं ते पुस्तकाच्या सुरुवातीला सांगतात. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ना नोकरी, ना घर. बागेतल्या बाकांवर बसून काढली. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरला गेले. तिथे १९९७ मध्ये हे पुस्तक निघालं, पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या फक्त ३०००. २००० साली ओप्रा विनफ्रेने आपल्या मासिकात त्याची शिफारस केली आणि ते घरोघरी पोचलं. २००८ मध्ये तिने त्यांच्या 'अ न्यू अर्थ' या पुस्तकावर दहा आठवडे इंटरनेटवर वर्ग घेतले, ते जगभरातल्या लाखो लोकांनी पाहिले. तेव्हा भाऊजींचा हिशेब चुकलेला नाही. माणूस प्रसिद्ध झाला, पुस्तकं खपली, पैसा आला.

आता माझी गोष्ट. आमच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. सुरुवातीला चष्मा सापडायचा नाही, मग गॅस चालू राहायला लागला, मग एक दिवस कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घरचा रस्ता सापडला नाही. आता त्यांच्या जगात एकच काळजी उरली आहे. दर दहा मिनिटांनी त्या विचारतात, "बाळ आला का गं शाळेतून?" बाळ म्हणजे आमचे भाऊजी. वय वर्षं चौपन्न.

पहिल्या महिन्यात मी समजावून सांगायची. "आई, भाऊजी आता मोठे झालेत, बंगळुरूला असतात." त्या ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि दहा मिनिटांनी, "बाळ आला का गं?" दुसऱ्या महिन्यात मी तुटक उत्तरं द्यायला लागले. मग एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दारात दूधवाला, ह्यांच्या डब्याची घाई आणि मागून तोच प्रश्न. माझ्या हातातली पोह्यांची ताटली मी जमिनीवर आपटली. पोहे खोलीभर उडाले. सासूबाई घाबरून भिंतीला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोण? मला मारू नका."

ही गोष्ट मी कितीतरी दिवस कुणाला सांगितली नव्हती. ह्यांनाही नाही.

ते पुस्तक त्याच्या आधीच घरात होतं. अप्पा बळवंत चौकातून अडीचशे रुपयांना आणलेलं. एकदा भराभर वाचून ठेवून दिलं होतं. मैत्रिणीने 'अ न्यू अर्थ' दिलं तेव्हा तर माझंही मत भाऊजींसारखंच झालं होतं. हे तर सगळं वाचलंय की! यात नवीन काय? २००३ चं 'स्टिलनेस स्पीक्स' घ्या, तेच. पुढे २००९ मध्ये त्यांनी एका व्यंगचित्रकाराबरोबर कुत्र्यामांजरांच्या चित्रांचं पुस्तक काढलं, त्यातही तेच! फरक एवढाच की इथे गुरू म्हणून मांजर बसलेलं.

त्या सकाळनंतर मी पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं. या वेळी वाचायची घाई नव्हती. तेव्हा एक लक्षात आलं. पुस्तकात मधूनमधून एक छोटंसं चिन्ह आहे. लेखकाने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की ते दिसलं की वाचन थांबवा, जरा स्वस्थ बसा, मग पुढे जा. पहिल्या वाचनात मी ती सगळी चिन्हं ओलांडून गेले होते. जिथे करायचं होतं तिथे मी फक्त वाचलं होतं. 'अ न्यू अर्थ'मध्ये तर ते सरळच सांगतात की वाचकाच्या डोक्यात नव्या माहितीची भर घालण्यासाठी हे पुस्तक नाही. म्हणजे ज्या गोष्टीचं आश्वासन दिलेलंच नाही, ती मिळाली नाही म्हणून आपण तक्रार करतोय!

खांदा आखडला म्हणून आपण फिजिओथेरपीला जातो. तिथली मुलगी रोज तोच व्यायाम करायला लावते. "कालच तर केला हा, आज नवीन काहीतरी दाखव," असं आपण म्हणतो का? गाण्याच्या क्लासला वर्षभर तेच अलंकार घोटून घेतात, तेव्हा फी परत मागतो का? माहिती एकदा कळली की संपते. सवय मात्र रोज नव्याने घोटावी लागते. टॉलेंचं सांगणं माहितीच्या खात्यात टाकलं तर ते दोन पानांत संपतं. सवयीच्या खात्यात टाकलं तर आयुष्य पुरत नाही.

मी काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. सासूबाईंनी विचारलं की उत्तर द्यायच्या आधी एक श्वास. हात जिथे असतील तिथे, कणकेत असोत की साबणाच्या पाण्यात, ते आतून जाणवतात का ते बघायचं. हाही त्यांच्याच पुस्तकातला साधा अभ्यास. मग उत्तर. सुरुवातीला दहातल्या एखाद्या वेळी जमायचं. मग दोनदा. आणि एके दिवशी त्या श्वासाच्या फटीत मला दिसलं की मला त्रास प्रश्नाचा होतच नव्हता. त्रास मोजणीचा होता. 'आज ही तिसावी वेळ. काल पस्तीस झाल्या. अजून किती वर्षं?' सासूबाई मोजत नव्हत्या. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ पहिली होती. खरोखर पहिली. एका आईचं मूल शाळेतून यायचंय आणि ती दाराकडे बघतेय, एवढंच. मोजत होते मी.

तेव्हापासून मी म्हणते, "येईल हं आई, आत्ता सुटली असेल शाळा." त्यांचा चेहरा निवळतो. दहा मिनिटं निवळतो. दहा मिनिटं काही कमी नसतात.

तेच तेच सांगण्याविषयी आणखी एक. सासूबाईंचं माहेर वारकरी. लहानपणापासून रोज संध्याकाळी हरिपाठ. आज त्यांना मुलाचं नाव आठवत नाही, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण दिवेलागणीला मी हरिपाठाची सुरुवात करून दिली की पुढचे अभंग त्यांच्या ओठांवर आपोआप येतात, न अडखळता. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं घोटलेलं पाठांतर, गाणी बऱ्याच जणांमध्ये उशिरापर्यंत टिकतात. सत्तर वर्षं रोज तेच म्हटलं, म्हणून तेवढं उरलं. जे एकदाच कळलं होतं ते सगळं गेलं. आपल्याच देवघरात इतकी पुनरुक्ती असताना टॉलेंच्या पुनरुक्तीला हसायचं काय कारण? 'स्टिलनेस स्पीक्स'च्या प्रस्तावनेत तर त्यांनीच म्हटलंय की हे लेखन म्हणजे भारतातल्या प्राचीन सूत्रांच्या रूपाचं पुनरुज्जीवन समजावं. आपण नवीन काही सांगतोय असा त्यांचा दावाच नाही. जे. कृष्णमूर्ती आणि रमण महर्षी यांचं ऋण ते मोकळेपणाने मानतात.

इथे कुणी मैत्रीण नक्की म्हणेल, 'हे सगळं ठीक आहे. पण आलेला क्षण स्वीकारा, हे बायकांना सांगायची गरज आहे का? आम्ही जन्मभर तेच करत आलोय!' अगदी खरं. हा धोका मोठा आहे. सोसणाऱ्या बाईला आणखी सोसायला शिकवणारे बुवा आपल्याकडे कमी नाहीत. पण टॉलेंचं म्हणणं पूर्ण वाचायला हवं. परिस्थिती असह्य असेल तर ते तीन वाटा सांगतात: तिथून बाहेर पडा, ती बदला, नाहीतर पूर्णपणे स्वीकारा. कुढत बसणं ही चौथी वाट त्यांच्या यादीत नाही. आणि आपण बायका नेमक्या त्या चौथ्या वाटेवर घर बांधून राहतो.

मीही राहिले होते. बाहेर पडणं मला शक्य नव्हतं आणि करायचंही नव्हतं. पण बदलणं शक्य होतं. मी एका रविवारी ह्यांना समोर बसवलं आणि न रडता, न ओरडता सांगितलं की रात्रीची जागरणं मला झेपत नाहीत, रात्रीसाठी मावशी ठेवायला हव्यात. मग बंगळुरूला फोन केला. "भाऊजी, आईंचा खर्च दोघा भावांनी निम्मा निम्मा करायचा." एवढं सरळ वाक्य मी त्या घरात सून म्हणून पहिल्यांदाच बोलले असेन. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "हो वहिनी, बरोबर आहे तुमचं." तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात. ज्या पुस्तकाला ते हसतात, त्याच्यामुळेच त्यांच्या खात्यातून ते जातात, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता पैशाचा मुद्दा. यात मी भाऊजींना निम्मे गुण देते.

त्यांचं नेहमीचं उदाहरण निसर्गदत्त महाराजांचं. मुंबईत खेतवाडीत राहणारे, विड्यांचं दुकान चालवून संसार करणारे. घराच्या लहानशा माळ्यावर बसून मराठीत बोलायचे आणि ते ऐकायला देशोदेशीचे लोक यायचे. त्या मराठी संभाषणांवरून मॉरिस फ्रीडमननी केलेलं 'आय अ‍ॅम दॅट' १९७३ मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं. महाराज १९८१ मध्ये गेले. "त्यांनी लावलं होतं का तिकीट?" भाऊजी विचारतात. नव्हतं लावलं. ते मोठंच होतं आणि त्यापुढे मी मान वाकवते. पण एक गोष्ट भाऊजी विसरतात. 'मी आहे' या एका जाणिवेला धरून राहा, हेच महाराजही येणाऱ्या प्रत्येकाला परत परत सांगत होते. म्हणजे पुनरुक्तीच्या मुद्द्यावर तरी भाऊजींनी स्वतःच माझी बाजू मांडली!

राहिला पैसा. डॉलरमधल्या महागड्या शिबिरांची तरफदारी मी करणार नाही. मला ती परवडत नाहीत आणि त्यांची गरजही वाटली नाही. कॅलेंडरं, वचनांचे पत्ते हेही मला दुकानदारीच वाटते. पण पैसे घेतले म्हणजे सांगणंच खोटं, हे मला पटत नाही. आमच्याकडे रात्रीच्या ज्या मावशी येतात त्या पगार घेतात. पहाटे तीनला सासूबाई उठून दाराकडे निघाल्या की त्या त्यांचा हात धरतात, पाठीवरून हात फिरवतात, "चला, बाळाची वाट आपण पलंगावर बसून बघू" म्हणतात. त्यांची माया पगारी म्हणून खोटी का? नर्स पगार घेते, बाई शाळेत शिकवून पगार घेतात. चांगलं काम फुकटच असायला हवं, पैसे घेतले की त्यातला भाव गेला, हा नियम ज्यांनी केला त्यांनी घरातल्या बाईला आयुष्यभर फुकट राबवून घेतलं आणि त्याला सेवा असं सुंदर नाव दिलं. म्हणून पैसे 'घेतले का' यापेक्षा 'कशाचे घेतले, आणि न देणाऱ्याच्या हाती काय लागलं' हे मी विचारते. टॉलेंच्या बाबतीत माझा हिशेब असा: पुस्तकाचे अडीचशे रुपये, दुसरं पुस्तक भेट मिळालेलं आणि यूट्यूबवर तासन्‌तास ऐकलेली व्याख्यानं फुकट. एवढ्यावर माझं काम झालं. डॉलर न भरल्याने माझं काही अडलं नाही.

तरीही संशय घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी बुवाबाजीविरुद्ध आयुष्य वेचलं. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या मातीतल्या बाईने कुणाही गुरूचं बोट डोळे मिटून धरू नये. मी स्वतःला चार प्रश्न विचारते. हा माणूस मला औषध थांबवायला सांगतो का? घरच्यांपासून, मैत्रिणींपासून तोडतो का? सोडून जाईन तर काही वाईट होईल अशी भीती घालतो का? आणि त्याच्याशिवाय माझं चालणारच नाही असं मला वाटायला लावतो का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुस्तक मिटायचं आणि निघायचं, मग ते फुकट का असेना. फुकट मिळणारे गुरू कधी कधी सर्वांत महाग पडतात! टॉलेंनी मला दीक्षा दिली नाही, माळ घातली नाही, आणखी दहा जणी आणायला सांगितलं नाही. शब्द ही नुसती दिशा दाखवणारी पाटी आहे, पाटीलाच कवटाळून बसू नका, असंच ते म्हणतात.

त्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही. जुन्या दुःखांचा आपल्या आत एक 'पेनबॉडी' असतो, ही त्यांची कल्पना मला उपमा म्हणून चालते, शास्त्र म्हणून नाही. साऱ्या मानवजातीची जाणीव बदलणार वगैरे पानं मी सरळ उलटते. आणि सासूबाईंच्या गोळ्या, डॉक्टरांच्या तपासण्या यातलं काहीही पुस्तकाच्या भरवशावर सोडलेलं नाही. कुणाचं मन खरोखरच अंधारात गेलं असेल तर आधी डॉक्टरच गाठावा, पुस्तक नंतर.

तर अशी ही बाजू. भाऊजींना मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. गौरीविसर्जनाच्या रात्री मावशी सुट्टीवर होत्या. सासूबाईंजवळ भाऊजी झोपले. रात्री मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. "आई, अगं मीच बाळ. बघ ना माझ्याकडे. मीच!" आवाज चढत होता. मग त्यांनी मोबाईलमधले जुने फोटो दाखवले. मग पुन्हा समजावलं. सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या. या परक्या, टक्कल पडलेल्या माणसाने आपल्या मुलाचं काय केलं, हेच त्यांना कळत नव्हतं. मी दाराशी गेले, पण आत गेले नाही. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग परत तो प्रश्न, "बाळ आला का हो शाळेतून?"

जरा थांबून भाऊजी म्हणाले, "आला हं. हातपाय धुतोय."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. रिक्षा आली, बॅग उचलली, आणि दारातून वळून मला म्हणाले, "वहिनी, पण त्या माणसाच्या शिबिराला पैसे घालू नका हं."

"नाही घालत," मी म्हटलं.